गिलावा सगळ्यात शेवटी: आजीच्या खोलीची ओली भिंत

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. फोन नाही, ॲप नाही, करिअर नाही. आज बोलायचंय भिंतीबद्दल. ओल आलेल्या भिंतीबद्दल. ‘हे काय बाबा-काकांचं काम’ असं वाटून पुढे ढकलू नका. कारण घराचं काम निघालं की आजकाल पैसे आपल्याकडेच मागतात आणि ‘तू जरा इंटरनेटवर बघ ना’ हेही आपल्यालाच सांगतात. मलाही सांगितलं होतं. मी बघितलं आणि ४६ हजार रुपये पाण्यात घातले. अगदी शब्दशः पाण्यात.

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, चिऱ्याचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा तासलेला ठोकळा. कोकणातली जुनी घरं बहुतेक त्याचीच. भिंत चांगली पंधरा इंच जाड, वर कौलं, आणि मागे डोंगराचा उतार. त्या मागच्या बाजूला आजीची खोली. आजी ८१ वर्षांची, तिला दमा. पावसाळा आला की त्या खोलीत कुबट वास, भिंतीवर काळे ठिपके, आणि रात्रभर आजीचा खोकला. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा कायम ओला. रंगाचे पोपडे, त्याखाली पांढरी पावडर. आमच्याकडे म्हणतात भिंतीला लोणा लागला.

मी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीला लागलेलो. म्हटलं, आपण करूया काहीतरी. तालुक्याच्या गावातला एक कंत्राटदार गाठला. तो आला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, जुना गिलावा काढू, सिमेंटचा नवा मारू, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालू, वरून ऑइलपेंट. दहा दिवसांत खोली तयार. मी व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा भिंत आरशासारखी चकाचक होती. फोटो काढले, स्टेटसला टाकले.

पुढच्या गणपतीला गेलो तेव्हा ऑइलपेंटला फुगे आले होते, लहान मुलाच्या तळहाताएवढे. बोटाने दाबला की फुटायचा आणि आतून पाणी ओघळायचं. गिलाव्यावर टिचकी मारली तर पोकळ आवाज. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी तीन फुटांवर थांबणारी ओल आता साडेचार फुटांपर्यंत चढली होती. आजीने खाट माजघरात हलवली होती. मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “अरे, आधी भिंतीचा घाम जिरू द्यायचा होता.”

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला जवळपास दीड वर्ष लागलं. आजचा भाग म्हणजे तेच दीड वर्ष.

तर आधी ओल वर का चढते ते बघू. चहात खारी बुडवा. टोक फक्त चहात आहे, पण चहा वर वर चढत जातो ना? खारीत बारीक बारीक पोकळ्या असतात आणि पाणी त्यातून स्वतःच वर ओढलं जातं. वीट, चिरा, चुना, सिमेंट, सगळ्यांना अशी भोकं असतात. जमीन ओली असेल तर पाणी पायातून भिंतीत येतं आणि चढत राहतं. किती चढतं? जिथे खालून येणारं पाणी आणि भिंतीच्या अंगावरून हवेत उडून जाणारं पाणी यांचा हिशेब जुळतो तिथे थांबतं. बहुतेक घरांत ते तीन-सव्वातीन फुटांच्या आसपास असतं.

आता लक्षात आलं ना मी काय केलं होतं? भिंतीचं पाणी उडून जायची वाटच मी बंद केली. दाट सिमेंट, वर केमिकल, वर ऑइलपेंट. खालून पाणी येणं चालूच, बाहेर पडायला जागा नाही. मग ते बिचारं जागा शोधत आणखी वर गेलं. ओले कपडे पिशवीत घालून कपाटात ठेवण्यासारखंच झालं. कपाट बाहेरून छान दिसतं.

आणि ती पांढरी पावडर, तो लोणा? ते क्षार. जमिनीतलं, दगडातलं, वाळूतलं मीठ पाण्यात विरघळून वर येतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक होतात. गिलाव्याच्या मागे किंवा त्याच्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले की ते आतून रेटा देतात. गिलावा सुटतो तो असा. पाण्याने सुटतो असं आपल्याला वाटतं, पण ढकलणारं बऱ्याचदा मीठ असतं.

त्यात अजून एक गंमत आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, आठवतंय? भिंतीतल्या मिठाचं तेच होतं. जमिनीतून येणारं पाणी तुम्ही पूर्ण बंद केलंत, तरी जुना खारट गिलावा तसाच ठेवला असेल तर जुलैत तो हवेतली ओल शोषून पुन्हा भिजल्यासारखा दिसतो. म्हणून लोक म्हणतात, सगळं केलं तरी काही उपयोग झाला नाही. उपयोग झालेला असतो, फक्त मीठ भिंतीतच राहिलेलं असतं.

बरं, आता दुसऱ्या प्रयत्नाकडे येतो. या वेळी कंत्राटदार नाही. शेजारच्या वाडीतले एक गवंडीकाका आहेत, साठी ओलांडलेले, त्यांना बोलावलं. ते आले, चहा घेतला, भिंत बघितली आणि कुठलाच भाव सांगितला नाही. म्हणाले, “पाणी कुठून येतंय ते सांगा, मग मी गिलाव्याचं सांगतो.” मी म्हटलं, काका ते तर तुम्ही सांगायचं ना? तर म्हणाले, “मी एक दिवस बघणार. तुमचं घर वर्षभर बघतंय.”

म्हणून आम्ही आधी नुसतं बघितलं. तुम्हीही हेच करा, फुकट आहे. ओल कुठे आहे, तिचा आकार काय आणि कधी वाढते? खालून सरळ पट्ट्यासारखी, बारा महिने, वरची कड साधारण एका रेषेत आणि त्या कडेला लोण्याची झालर, तर संशय जमिनीवर. वरच्या कोपऱ्यात किंवा छताखाली डाग, पाऊस पडला की एक-दोन दिवसांत गडद होणारा, तर छप्पर, गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. पावसाशी काही देणंघेणंच नाही, उन्हाळ्यातही तेवढाच डाग, आणि पलीकडे बाथरूम किंवा मोरी, तर पाइप. कपाटामागे, पडद्यामागे, कोपऱ्यात काळी बुरशी आणि भिंत मात्र आतून कोरडी, तर ती खोलीतलीच वाफ. आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची. हिला गिलावा नको, खिडकी उघडी हवी.

दोन प्रकार एकत्र असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. आमच्याकडे तसंच निघालं.

मग प्लास्टिकची परीक्षा. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने बंद करून लावायचा. पोपडे आधी खरवडून घ्या, नाहीतर पट्टी चिकटत नाही. दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला आले तर हवेतून. आमच्या प्लास्टिकच्या आतून एवढे थेंब होते की बाबा म्हणाले, हे तर दहिवर पडलंय.

ओल मोजायचं मीटरही मिळतं, ऑनलाइन. मी घेतलं होतं, स्वस्तातलं. त्याच्या आकड्याला फार भुलू नका. ही छोटी मीटरं मुळात लाकडासाठी जुळवलेली असतात, आणि भिंतीत मीठ असलं की आकडा फुगवून दाखवतात. उपयोग फक्त तुलनेला. त्याच भिंतीच्या वरच्या कोरड्या भागात किती आणि खाली किती, किंवा गेल्या महिन्यात किती होतं आणि आज किती.

त्यापेक्षा मला आवडलेली गोष्ट म्हणजे पेन्सिल. ओलीची वरची कड जिथे दिसते तिथे पेन्सिलीने रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. दर महिन्याला. बस. या एका गोष्टीने आमच्या घरातले निम्मे वाद मिटले.

वाद कसले? तर माझा ठाम संशय बाथरूमवर. खोलीला लागून बाथरूम आहे, दहा-बारा वर्षांपूर्वी बांधलेलं. मी तर लादी फोडायला निघालो होतो, त्याचा खर्च ६० हजारांच्या घरात सांगितलेला. काका म्हणाले, आधी एक दिवस पाणी तुंबवून बघा. मोरीच्या भोकात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं, दोन इंच पाणी भरलं, त्यात खाण्याचा लाल रंग घातला, भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली आणि २४ तास दार बंद. दुसऱ्या दिवशी पाणी जवळपास तिथेच, आणि पलीकडच्या भिंतीत लाल रंगाचा मागमूस नाही. मग पाइप. रात्री टाकी भरली, सगळे नळ बंद, टाकीत पट्टी घालून पातळी मोजली, सकाळी पुन्हा मोजली. तीच. मीटर असलेल्या घरात याहून सोपं आहे, सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघायचा. काटा फिरतोय म्हणजे कुठेतरी गळतंय. थोडक्यात, बाथरूम निर्दोष सुटलं आणि माझे ६० हजार वाचले.

मग काकांनी त्यांची लेव्हल ट्यूब काढली. पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंड्यांकडे असते ती. एक टोक खोलीत, एक टोक मागच्या अंगणात. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते, त्यावरून उंची मोजता येते. आणि तिथे गुपित फुटलं. घरामागची जमीन खोलीतल्या लादीपेक्षा पाच इंच वर होती!

आजोबांनी घर बांधलं तेव्हा जोतं चांगलं उंच होतं, हे आजीला पक्कं आठवतंय. पण मागे डोंगर. दर पावसात थोडी माती खाली येते. ती कुणी काढली नाही. मग चिखल नको म्हणून काही वर्षांपूर्वी आम्हीच, म्हणजे बाबांनी, मागे काँक्रीटची वाट करून घेतली, थेट त्या मातीवर, भिंतीला चिकटून. तिचा उतार भिंतीकडे. वरून कौलांच्या पागोळ्या बरोबर त्या वाटेवर पडायच्या आणि पाणी भिंतीवर उडायचं. म्हणजे भिंत खालून भिजत होती, बाजूने भिजत होती आणि बाहेरून शिंतोडे खात होती. आणि मी आतून केमिकल लावत होतो.

बाबा तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. ४६ हजारांचं मी केलं होतं, वाटेचं त्यांनी. बरोबरी झाली.

काम सुरू केलं दिवाळीनंतर, जमीन वाळायला लागल्यावर. काँक्रीटची वाट भिंतीपासून दीड फुटापर्यंत कापून काढली. तिथे भिंतीच्या कडेने चर खणला, लादीच्या पातळीच्या आणखी नऊ-दहा इंच खाली. इथे एक सावधगिरी आहे. पायाच्या खाली अजिबात जायचं नाही आणि अख्ख्या भिंतीची माती एकदम मोकळी करायची नाही. आम्ही चार-चार फुटांचे तुकडे करत गेलो. तळाला उतार देऊन भोकं पाडलेला पाइप घातला, वर मोठी खडी भरली आणि पाइपचं तोंड खालच्या व्हाळाकडे सोडलं. छपराला पन्हळ लावली. या सगळ्याला मिळून खर्च आला ३८ हजार. म्हणजे त्या चकाचक गिलाव्यापेक्षा कमी.

मग आतलं. आधी त्या भिंतीवरच्या स्विचबोर्डची लाइन मेनपासून बंद करून वायरमनकडून तो बोर्ड दुसऱ्या भिंतीवर घेतला. हे प्लीज विसरू नका. ओली भिंत आणि विजेचा बोर्ड, यात शॉक बसायला काही मोठं कारण लागत नाही. मग सिमेंटचा गिलावा काढला. कुठपर्यंत? ओलीच्या सगळ्यात वरच्या खुणेच्याही दीड-दोन फूट वर. ओल साडेचार फुटांवर होती, आम्ही सहा फुटांपर्यंत सोललं. कारण मीठ ओलीच्या थोडं पुढे गेलेलं असतं. मास्क लावा, डोळ्यांना चष्मा लावा, दमेकरी माणसाला त्या दिवसांत घरात ठेवू नका. आजीला आत्याकडे पाठवलं होतं.

चिरे उघडे पडल्यावर कोरड्या ब्रशने झाडायचे. कोरड्या! पाण्याने धुतलंत तर मीठ पुन्हा विरघळून आत जातं. झाडलेली पावडर लगेच भरून बाहेर टाकायची, भिंतीच्या पायथ्याशी नाही. आणि हे एकदा करून होत नाही. भिंत वाळत जाते तसं आतलं मीठ पुन्हा बाहेर येतं. आई दर पंधरवड्याला झाडायची. पहिल्या दोन महिन्यांत सुपलीभर निघायचं, नंतर मूठभर, मग चिमूट.

आणि आता खरी परीक्षा. वाट बघणं.

जाड भिंत वाळायला किती वेळ लागतो? जुना ठोकताळा असा की एक इंच जाडीला साधारण एक महिना. आमची भिंत पंधरा इंच. आकडा सांगितल्यावर बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच ओल आणली. दोन्ही बाजू उघड्या असतील, वारा खेळता असेल तर वेळ कमी होतो. आम्ही बाहेरून शिंतोडे बंद केले होते, आत खिडक्या उघड्या आणि दिवसा पंखा. पण तरी महिने ते महिनेच. हीटर किंवा गरम हवेचा ब्लोअर लावून घाई करू नका, वरचा थर वाळतो आणि वाटतं झालं. आत तसंच ओलं असतं.

तेवढ्यात मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न ठरलं. आणि ते आमच्याच घरून. बाबा म्हणाले, “लग्नघर आहे आणि भिंत सोललेली? पाव्हणे काय म्हणतील? आत्ताच गिलावा मारून टाकू, सहा महिने तर झाले.” पेन्सिलीची रेघ तोवर साडेचार फुटांवरून दोनवर आली होती. सव्वादोन, दोन... पण शून्यावर नव्हती. घरात दोन दिवस त्यावरून बोलणं बंद होतं. मी नको म्हणत होतो पण मागच्या वेळी मीच हो म्हटलेलं, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन नव्हतं. शेवटी काकांनी तोडगा काढला. उघड्या चिऱ्यांवर चुन्याचे दोन पातळ हात मारून घेतले. चुन्याची सफेदी भिंतीचा श्वास कोंडत नाही, पाणी तिच्यातून उडून जाऊ शकतं. पांढरे चिरे, त्यावर झेंडूच्या माळा. पाहुण्यांना वाटलं आम्ही मुद्दामच तसं केलंय. एका मामीने तर डिझायनरचा नंबर मागितला.

पावसाळाभर भिंत तशीच ठेवली. हा सल्ला काकांचा आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेरचं काम केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, नवा चर खरंच काम करतोय का ते कळतं. जुलैच्या धो-धो पावसात रेघ दोन फुटांवरून खालीच सरकत होती. सप्टेंबरमध्ये एका कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आणि बाकी कोरडी.

मग जानेवारीत गिलावा. सिमेंटचा नाही, चुन्याचा. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, आणि थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. सुरखीमुळे चुना नीट घट्ट होतो. खाडीची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ असतं. एवढं मीठ झाडून काढायचं आणि नव्याने गोणीभर आत घालायचं, असं होईल. दोन थर, मध्ये काही दिवसांचं अंतर, आणि हलकंसं पाणी शिंपडत, कडक ऊन न लागू देता सावकाश वाळवायचा. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, डोळ्यात गेला तर नजरेवर बेततं. वरून पुन्हा चुन्याचाच हात. ऑइलपेंट नाही, प्लास्टिक पेंट नाही, लांबीसुद्धा नाही.

आता मला माहितीये, तुमच्यातले बरेच जण म्हणतायत, भावा, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, कुठला चर आणि कुठला व्हाळ. बरोबर आहे. तुमच्याकडे चुन्याची गरज नाही, वीट-काँक्रीटच्या भिंतीला सिमेंटचा गिलावाच योग्य. पण क्रम तोच. आधी पाणी कुठून येतंय, मग वाळवणं, मग गिलावा. तिसऱ्या मजल्यावर जमिनीची ओल पोचत नाही, त्यामुळे संशयित तीनच उरतात. वरच्यांचं बाथरूम, बाहेरची भिंत किंवा गच्ची, आणि घरातली वाफ. पाणी तुंबवून बघायची परीक्षा वरच्या घरात करायला लागेल, त्यासाठी आधी गोड बोलायला लागेल. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून, सामायिक पाइपमधून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-मोरीची गळती त्या सभासदाने. म्हणून आधी कुठून येतंय हे सिद्ध करा, मग अर्ज करा. उलटं केलंत तर सहा महिने नुसती पत्रापत्री होते.

गिलावा काढल्यावर कॉलम किंवा बीमला उभी-आडवी भेग, तपकिरी डाग किंवा गंजलेली सळई दिसली तर थांबा. तिथे गवंड्याचं काम संपलं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, त्यावर गिलावा मारणं म्हणजे नुसतं झाकणं. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारकच आहे, तुमच्या इमारतीचं झालंय का ते विचारा.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल पटकन. आतून साधारण १२ मिलिमीटर जाडी, एकास सहाचं मिश्रण चालतं, बाहेरून एकास चार आणि दोन थर. काँक्रीट आणि विटा जिथे मिळतात त्या सांध्यावर कोंबडजाळी मारून घ्या, नाहीतर तिथेच भेग जाते. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं. आणि रंगाची घाई नको, महिनाभर थांबा.

आणि हो, ‘आतून लावा, ओल बंद’ अशा जाहिराती. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला अडवलं तर काम होतं. आतून लावलेला थर काही काळ डाग लपवतो. भाड्याचं घर सोडायचं असेल तर लपवा, माझं काही म्हणणं नाही. (हसतो)

आजीच्या खोलीचं आत्ता काय? चुन्याच्या गिलाव्याने एक पूर्ण पावसाळा काढलाय. फुगा नाही, पोपडा नाही. त्याच एका कोपऱ्यात ऑगस्टमध्ये पुन्हा डाग दिसला, म्हणून बाहेर जाऊन बघितलं तर पन्हळीचा जोड निसटला होता आणि पाणी बरोबर तिथे पडत होतं. शिडी लावून बसवला, तीन आठवड्यांत डाग गेला. आजी परत खोलीत आलीय. खाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवलीय, मागून हवा फिरावी म्हणून. खोकला गेला का? दमा आहे तो आहेच, पंप आहेच. पण या पावसाळ्यात ती रात्री उठून माजघरात गेली नाही. दाराजवळच्या भिंतीवर तिने एक तुकडा रंगवू दिला नाही. गिलावा काढताना तिथल्या सगळ्या पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या, त्या तिने तिथे पुन्हा मारून घेतल्या. साडेचार फुटांवरची सगळ्यात वरची रेघ दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “ही आमच्या नातवाची.”

तुमच्या घरी ओल असेल तर आज एक रेघ मारा, तारीख लिहा आणि फोटो मला पाठवा. बाथरूमचं पाणी तुंबवायची परीक्षा करताना मोरीचं फडकं काढायला विसरू नका, आमच्या घरात ते दोन दिवस राहिलं होतं. पुढच्या भागात गच्चीचा कोबा. भेटू!